टाकीची वही: ४५ लिटर पाणी, एक स्पंज आणि आईची चिमूट

११ फेब्रुवारी २०२४

ताईची बदली झाली आणि तिची माशांची टाकी सोलापूरला आमच्या घरी आली. टाकी २४ बाय १२ बाय १२ इंच. गणिताने ५६ लिटर होतात, पण खाली खडी आणि वर दोन बोटं मोकळी जागा सोडली की खरं पाणी ४५ लिटर. हा आकडा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. औषध असो, मीठ असो की खाणं, हिशेब यावरूनच लावायचा.

मासे: मॉली ५ (तीन काळ्या, दोन पांढऱ्या), झेब्रा ६, सकर १. आत चिकटवायचा पॉवर फिल्टर, त्यात एकच स्पंज. ताईने जुनं पाणी दोन कॅनमध्ये भरून दिलं आणि फिल्टर त्याच पाण्यात बुडवून पाठवला. "वाळू देऊ नकोस," एवढंच म्हणाली.

मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे प्रत्येक लूमची वही असते. तारीख, काय बिघडलं, काय केलं, कोणता पार्ट बदलला, सगळं तिच्यात. टाकीची वही त्याच सवयीने सुरू करतोय.

१३ फेब्रुवारी

पाण्याचं बघून घेतलं. उजनी धरण यंदा उणेत गेलंय, म्हणजे वापरायचा साठा संपलाय, नळ पाच दिवसांआड. गच्चीवर २०० लिटरचा ड्रम आहे, त्यातलं पाणी टाकीला वापरायचं ठरवलं. उघड्या ड्रममध्ये पाणी दोन दिवस राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो. घाई असली तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेत. ते म्हणजे हायपो, फोटो धुणारे वापरायचे तेच. बोअरचं पाणी नको. आमच्या बोअरने गीझरच्या कॉइलवर बोटभर पांढरा थर चढवलाय.

१८ फेब्रुवारी

मासे आईचे झाले. टाकी हॉलमध्ये तिच्या खुर्चीसमोर आहे. सकाळी पूजा झाली की पहिलं खाणं, जेवणाआधी दुसरं, चहाच्या वेळी तिसरं, मालिका सुरू व्हायच्या आधी चौथं. ती जवळ गेली की सगळे काचेशी गोळा होतात आणि ती त्यांच्याशी बोलते.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर आई आम्हाला लहानपणी न्यायची तेव्हा पदराच्या गाठीत कणकेच्या गोळ्या असायच्या. एकेक गोळी आमच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "लांब टाक, छोट्यांनापण मिळू दे." मुक्या जिवाला घालण्याइतकं मोठं पुण्य नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलोय. म्हणून चार वेळा घालते याचं मला काहीच वाटलं नाही.

३ मार्च

फिल्टर धुतला. तीन आठवड्यांत पाण्याची धार निम्म्यावर आली होती. उघडला तर स्पंज तपकिरी, बुळबुळीत, दाबला की चहाच्या चोथ्यासारखा गाळ. आज नळाला पाणी आलं होतं, म्हणून नळाखालीच धरला. ब्रशने घासला, पिळला, परत घासला. अर्ध्या तासाने दुकानातून आणल्यासारखा पिवळाधमक. फिल्टरची डबी, झाकण, नळी, सगळं साबण न लावता पण घासून स्वच्छ केलं. खडीही चाळणीत घालून नळाखाली धुतली. धार जोरात पडायला लागली. पाणी लख्ख.

५ मार्च

पाणी दुधाळ दिसतंय. झेब्रा वरच्या वर फिरतायत, तोंड पाण्याच्या पातळीला लावून. आई म्हणाली भूक लागलीय, आणि एक वेळ जास्त घातलं.

६ मार्च

सकाळी दोन मॉली गेल्या. एक काळी, एक पांढरी. दुपारी घरून फोन, एक झेब्रा. कल्ल्यांच्या कडा लालभडक झालेल्या. तिघांनाही कुंडीत मोगऱ्याखाली पुरलं. आई काही बोलली नाही, पण आज मालिका लावली नाही.

कारखान्यात वार्पिंगवर, म्हणजे ताणा भरतात तिथे, एक जोडीदार आहे, त्याच्या घरी दहा वर्षं टाक्या आहेत. त्याला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: "फिल्टर कशात धुतला?"

"नळाला."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू स्पंज धुतला नाहीस, स्पंजातलं बिऱ्हाड मारलंस."

८ मार्च, महाशिवरात्र

आई देवळात गेलीय. मी आणि मोठी मुलगी पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन बसलो. नळीत ५ मिलि पाणी, लिहिलेत तेवढे थेंब, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरवा होत जातो. आमचा हिरवा झाला. मोठीने नळी रंगपट्टीवर धरून खिडकीच्या उजेडात तीनदा पाहिली: १ पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) आणि २ पीपीएमच्या मधे.

जोडीदाराने जे समजावलं ते मला कळलं तसं लिहून ठेवतो, कारण या वहीतलं सगळ्यात कामाचं पान हेच असेल.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तळ्यात तो पसरतो, ४५ लिटरमध्ये साठतो. स्पंजावर जी बुळबुळीत साय धरते तिच्यात दोन प्रकारचे बॅक्टेरिया राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, नायट्रोसोमोनास तिच्यातलीच. दुसरी, नायट्रोस्पिरा, नायट्राइटचं नायट्रेट करते. अमोनिया विषारी, नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य, ते पाणी बदलून काढून टाकता येतं. म्हणजे स्पंजाचं गाळ अडवण्याचं काम दुय्यम. खरं काम ही साय करते, आणि क्लोरीनने नेमकी तीच मरते. पाणीपुरवठ्यात क्लोरीन घालतात तो बॅक्टेरिया मारायलाच, त्याने त्याचं काम केलं. खडीवर राहिलेले होते तेही मी त्याच दिवशी धुऊन टाकले.

आमच्या पाण्याचा सामू (पीएच) ८ आहे, त्याने भर घातली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक जास्त मारक. सामू ७ असेल तर मारक रूप शंभरात एक भागही नसतं. ८ झाला की पाच-सहा भाग होतं. तोच अमोनिया, पण विष कितीतरी पट.

आणि ज्याला आम्ही भूक समजलो ती भूक नव्हती. कल्ले जळाल्यामुळे ते हवेसाठी वर येत होते. त्याच वेळी आम्ही आणखी दाणे टाकले.

कारखान्यात स्वच्छ मशीन म्हणजे चांगलं मशीन. पंचवीस वर्षं माझे हात तेच शिकलेत. इथे ती सवय बाजूला ठेवायला हवी.

९ मार्च

उपाय सुरू केले. रोज १८ लिटर पाणी बदलायचं, ड्रममधल्या शिळ्या पाण्याने, हळूहळू. खाणं तीन दिवस बंद. आईला हे फार लागलं. "आधीच आजारी, त्यात उपाशी ठेवतोस?" मी तिला नळी दाखवली. म्हटलं, आई, हा हिरवा रंग म्हणजे आपण घातलेलं खाणंच आहे. तिने नळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

जोडीदाराने त्याच्या चालू टाकीतला अर्धा स्पंज कापून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच टाकीच्या पाण्यात. सुट्टी झाल्यावर थेट घरी आलो, वाटेत कुठे थांबलो नाही. वीस मिनिटांत तो आमच्या फिल्टरमध्ये होता. हात काळे झाले, पाणी तासभर गढूळ राहिलं, आणि मला त्या घाणीचं फार बरं वाटलं.

१४ मार्च

अमोनिया ०.५ वर उतरला. पण आता नायट्राइट चढलं. किटमध्ये आकाशी रंगाऐवजी जांभळा. हे व्हायचंच होतं. पहिली जात आधी वाढते, दुसरी मागून येते, आणि दोन्ही आपल्या रोजच्या बॅक्टेरियांच्या मानाने फार सावकाश वाढतात. दूध नासायला एक दुपार पुरते, यांना आठवडे लागतात.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्त तपकिरी करतं, मग त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. त्यावर साधं मीठ चालतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच वाटेने आत शिरतो आणि नायट्राइटला वाट मिळत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम धरून २२ ग्रॅम खडा मीठ तांब्यात विरघळवून दोन दिवसांत घातलं. पाणी जेवढं बदलेल तेवढ्याचंच मीठ परत घालायचं. मॉलींना मीठ मानवतं, सकरसाठी हात आखडता ठेवला.

१७ मार्च

आजची नोंद मोठी होणार.

कारखान्यात टॉवेलचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे वजन, काढायला वजनकाटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. काल आईला दहा वेगवेगळ्या कागदांवर एकेक चिमूट दाणे ठेवायला सांगितले, पुड्या बांधल्या आणि आज लॅबमधल्या मुलीला विनंती करून तोलल्या. सगळ्यात हलकी ०.२९ ग्रॅम, सगळ्यात जड ०.३३. दहा चिमटींत फरक तो एवढाच. भाजीत साठ वर्षं मीठ घालणारा हात आहे तो.

दिवसाला चार चिमटी म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. डबीवर प्रथिनं ४० टक्के लिहिलीत, म्हणजे अर्धा ग्रॅम प्रथिन. प्रथिनात नायट्रोजन साधारण १६ टक्के धरतात, म्हणजे ८० मिलिग्रॅम. ते ४५ लिटरमध्ये वाटलं तर लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम. रोज! यातलं थोडं माशांच्या अंगी लागतं, बाकीचं पाण्यात. फेब्रुवारीभर तो एवढासा स्पंज हे ओझं मुकाट्याने वाहत होता, आणि मी त्याला घाण समजून धुऊन टाकलं.

आता गरज किती? उरलेल्या तीन मॉली, पाच झेब्रा आणि सकर मिळून अंदाजे १६ ग्रॅम वजन. मोठ्या झालेल्या माशाला दिवसाला अंगच्या वजनाच्या दोन टक्के पुरतं. १६ ग्रॅमचे दोन टक्के ०.३२ ग्रॅम.

म्हणजे आईची एक चिमूट, अख्ख्या दिवसाची.

हा आकडा तिला सांगितला तेव्हा तिला आधी पटलं नाही, मग हसली. "माझीच चिमूट निघाली की." सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी असं ठरलं. टाकलेलं दोन मिनिटांत संपलं पाहिजे. तळाला दाणा दिसला तर पुढची वेळ चुकवायची.

२० मार्च

दुसरा फिल्टर बसवला, साधा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. एअर पंपाची हवा नळीतून स्पंजाच्या पोटात जाते, बुडबुडे उभ्या पाइपातून वर चढतात आणि आपल्याबरोबर पाणी उचलतात, त्या ओढीने टाकीतलं पाणी स्पंजातून आत येतं. टाकीत फिरणारा एकही भाग नाही. मेंटेनन्सवाल्या माणसाला याहून चांगलं काय हवं! दोन फिल्टर असण्याचा मोठा फायदा म्हणजे एका वेळी एकच धुवायचा, दुसऱ्यावरची साय शाबूत.

पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर, फळीवर ठेवला. खाली ठेवला आणि लाइट गेली तर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात भरतं. त्याशिवाय नळीत छोटा एनआरव्ही टाकला, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या लाइनला असतो तोच प्रकार, बोटाच्या पेराएवढा. बाण पंपाकडून टाकीकडे. उलटा बसवला तर हवाच जात नाही.

२४ मार्च, होळी

आईचा जुना गोळ्यांचा डबा माशांच्या कामाला आला. बीपीच्या गोळ्यांसाठी घेतला होता, सात वार आणि सकाळ-रात्र असे चौदा खण. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्यावर कपाटात पडला होता. आता रविवारी सकाळी आई त्यात आठवड्याचे दाणे भरते. प्रत्येक खणात अर्धी चिमूट, झाकण टक्कन बंद. कुणी घातलं, किती वेळा घातलं, हा घरातला गोंधळ संपला. खण रिकामा म्हणजे झालं.

सोमवारचे दोन्ही खण ती रिकामे ठेवते. तिचा सोमवारचा उपवास असतो. माशांना आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवलेलं चांगलंच, पण ते मी सांगायच्या आधीच तिने ठरवून टाकलं होतं. गुरुवारी संध्याकाळी दाण्यांऐवजी पालकाचं पान, मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून मऊ केलेलं, दोऱ्याने खड्याला बांधून. मॉली शेवाळ खाणाऱ्या, त्या त्यावर तुटून पडतात. रात्री झोपण्याआधी उरलेलं पान बाहेर.

९ एप्रिल, गुढीपाडवा

अमोनिया ०. नायट्राइट ०. नायट्रेट २०.

मोठीने तिन्ही नळ्या गुढीच्या पाटावर एका ओळीत ठेवल्या: पिवळी, आकाशी, नारिंगी. नायट्रेटची दुसरी बाटली थेंब टाकण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर आकडा खोटा येतो, हे तिनेच पत्रकात वाचून शोधलं. आधीचे आमचे नायट्रेटचे दोन्ही आकडे म्हणून खोडले.

धुतल्यापासून सदतीस दिवस लागले. जोडीदाराचा स्पंज नसता तर अजून लागले असते.

२१ एप्रिल

पॉवर फिल्टर घरघरतोय, धार तुटक. स्पंज काढला नाही, फक्त मोटरचं तोंड उघडलं. इंपेलर म्हणजे बोटभर चुंबक आणि त्याच्या डोक्यावर चार पाती, मधून चिनी मातीची बारीक दांडी. त्या दांडीला पांढरट दोर गुंडाळला होता. चिमट्याने ओढला तर सुटत सुटत वीतभर आला. कापसाचं तूस! माझ्या कपड्यांवरून घरात येतं, हवेतून टाकीत पडतं आणि ओढीने थेट इथे. त्यात बायकोचे दोन लांब केस. जुन्या टूथब्रशने चुंबकाची खोबण पुसली, दांडी उजेडात धरून पाहिली, चीर नाही. परत बसवल्यावर आवाज गेला.

आता घरी आल्यावर आधी कपडे बदलतो, मगच टाकीपाशी. झाकणाच्या फटीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला. झेब्रा उडी मारतात, त्यासाठीही तो बरा.

स्पंज धुण्याची नवी रीत इथेच लिहून ठेवतो. टाकीतूनच नळीने अर्धी बादली पाणी काढायचं. स्पंज त्यात बुडवून तीन-चारदा दाबायचा, दाबायचा म्हणजे भिजलेली डाळ हाताने चोळतो तेवढ्या जोराने. बादली तपकिरी झाली की बस्स. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे, पाणी जायची वाट मोकळी झाली की काम झालं. महिन्यातून एकदा, एकच फिल्टर. बादलीतलं पाणी मोगऱ्याला. यंदा पाण्याची एवढी ओढ असून मोगरा असा कधी फुलला नव्हता.

१ मे

बाहेर त्रेचाळीस. टाकीतलं पाणी दुपारी ३३. काल दुपारी अडीच तास लाइट नव्हती. मासे वर.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला सातही नाही. तिकडे माशाचं शरीर मात्र उन्हाळ्यात जास्त प्राणवायू मागतं. स्पंजातल्या बॅक्टेरियांनाही प्राणवायूच हवा. पॉवर फिल्टर बंद पडला की त्याच्या बंद डबीतलं पाणी जागच्या जागी राहतं आणि आतले बॅक्टेरिया गुदमरायला लागतात. उघडा स्पंज निदान टाकीच्या पाण्यात उभा असतो.

केलेली कामं: एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, चारच वॅटचा आहे, रात्रभर चालला तरी बॅटरीला कळत नाही. टाकीवरची लाइट दुपारी बंद. कारखान्यातले सेकंडचे (दोष निघालेले) दोन टॉवेल ओले करून टाकीच्या मागे आणि बाजूंना लावले, खालची टोकं परातीतल्या पाण्यात, म्हणजे पाणी आपोआप वर चढत राहतं. छोटा पंखा तिरका, पाण्यावरून वारा जाईल असा. आपली हवा कोरडी, त्यामुळे हे लागू पडतं. तासाभरात ३३ चे ३०. बर्फ टाकायचा नाही, एकदम झालेला फरक माशाला सोसत नाही.

पंख्यामुळे रोज लिटरभर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालून भागत नाही, आठवड्याला ९ लिटर बदलणं चालूच.

खाणं या दिवसांत सकाळचंच, सहाच्या आत. संध्याकाळचा खण आई रिकामा ठेवते.

१२ मे

सकर परत केला. तो टाकी साफ ठेवतो म्हणून विकतात, पण तीन महिने पाहतोय, शेवाळापेक्षा त्याची विष्ठाच जास्त. आता बोटाएवढा आहे, पुढे हातभर होतो. ४५ लिटरमध्ये त्याला वळताही येणार नाही. दुकानदाराने मोठ्या टाकीत घेतला, पैसे मागितले नाहीत.

शेजारच्यांनी सुचवलं होतं की कंबर तलावात सोडा, पुण्य लागेल. सोडायचं नाही, कधीच नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. उजनीत असेच कुणाकुणाच्या टाकीतले सकर वाढलेत. मच्छीमारांच्या जाळ्यात माशांऐवजी हेच निघतात, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. आपल्या एका टाकीतला मासा तिथे पोटावर पाय आणतो.

झेब्रा मात्र आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर १८२२ साली त्याचं वर्णन केलंय. मोठी म्हणते आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी परत वाढतो. हे ऐकल्यापासून आई त्यांना "डॉक्टर" म्हणते.

९ जून

पाऊस सुरू. नळाला गढूळ पाणी, त्याला औषधाचा वास. नदीला नवं पाणी आलं की तुरटीही जास्त लागते आणि क्लोरीनही. ड्रममध्ये दोनऐवजी चार दिवस ठेवून, गाळ बसल्यावर वरचंच पाणी घ्यायचं. घेण्याआधी नाकाने तपासायचं, वास असेल तर थेंब.

एअर पंपाचा आवाज वाढून हवा कमी झाली होती. उघडला, रबरी डायफ्रॅमला कडेने चीर. दुकानात तीस रुपयांना जोडी मिळाली. बदलला. जुनी नळीही ताठ झाली होती, दोन्ही टोकं इंचभर कापून परत लावली.

२३ जून

पिल्लं!

आईनेच आधी पाहिली. पहाटे पूजेआधी हाक मारली, "बाबा रे, ये लवकर, स्पंजाला डोळे फुटलेत." वाकून पाहिलं. हवेवरच्या स्पंजाच्या तपकिरी अंगावर, काचेच्या बाजूला, पाव इंचाचे जीव. मोजले अकरा. मॉली अंडी घालत नाही, पिल्लंच देते, पण स्वतःची पिल्लं खातेही. पॉवर फिल्टरची ओढ तर त्यांना गिळूनच टाकेल. त्याच्या तोंडाला लगेच बारीक जाळी बांधली.

हवेवरच्या स्पंजाची ओढ इतकी मंद की पिल्लू त्याला टेकून उभं राहतं. आणि नुसतं उभं नाही. भिंग धरून पाहिलं तर एकेक पिल्लू त्या सायीला टोचतंय, मागे सरतंय, परत टोचतंय. सायीत बॅक्टेरियांबरोबर कितीतरी सूक्ष्म जीव असतात, ते यांचं पहिलं अन्न. ३ मार्चला मी जे ब्रशने घासून मोरीत सोडलं होतं त्यावर आज अकरा जण जेवत होते.

२५ जून

पिल्लांचं खाणं वेगळं. त्यांचं पोट टाचणीच्या डोक्याएवढं, एकदा घालून भागत नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. दाणे खलबत्त्यात पिठासारखे कुटले आणि काडीपेटीच्या काडीचं टोक ओलं करून त्याला चिकटेल तेवढंच.

आईने विचारलं, "किती वेळा म्हणालास?"

"चार."

ती उठली आणि तिचं जुनं वेळापत्रक परत सुरू झालं: पूजा झाल्यावर, जेवणाआधी, चहाला, मालिकेआधी. जास्तीचं खाणं म्हणून ९ लिटर पाणी आता आठवड्यातून दोनदा बदलतो. अमोनिया एक दिवसाआड तपासतो. ०.

१४ जुलै

आषाढीला आई पंढरपूरला निघाली. दरवर्षी दोन दिवसांत परतते, यंदा शेजारणींबरोबर चार दिवस. डबा भरून ठेवलाय. बुधवारचे, म्हणजे एकादशीचे, दोन्ही खण रिकामे. पिल्लांचं पीठ वेगळ्या बाटलीत, झाकणावर तिने काडी दोऱ्याने बांधलीय, कुणी चमच्याने घालू नये म्हणून.

निघताना मोठीला सांगत होती, मोठ्यांना एकादशी चालेल, छोट्यांना नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आईचा फोन आला. मागे टाळांचा आवाज, तिचं अर्धंच ऐकू येत होतं. दर्शन झालं नाही अजून, रांगेत आहे. मग, "छोट्यांना घातलंस का?" घातलं म्हटलं, तिसरी वेळ आत्ताच झाली.

पिल्लं अकरातली नऊ. दोन कधी गेली कळलं नाही. नऊतली चार काळी, तीन पांढरी, दोन मिश्र. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. पाणी २७ अंश.

हवेवरच्या स्पंजाची धुण्याची तारीख उद्या येते. धुणार नाही. बुडबुडे नीट चढतायत, पिल्लं अजून त्यावर चरतायत. पॉवर फिल्टरचा स्पंज धुऊन घेईन, टाकीच्याच पाण्यात, आणि हवेवरच्याची तारीख पंधरा दिवस पुढे.